मार्क बाहेर ठेवा, मग खुशाल खेळा

तासानंतर : वाचकांचे प्रश्न, एका प्राध्यापिकेची उत्तरं

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की पॉइंट, बॅज, लेव्हल, लीडरबोर्ड (म्हणजे गुणांनुसार नावांची क्रमवारी) असं खेळातलं सामान वर्गात आणायची पद्धत, म्हणजे गेमिफिकेशन, आता आपल्या कॉलेजांपर्यंत पोचली आहे. ज्यांना ती राबवावी लागते त्या प्राध्यापकांना काय वाटतं ते कळवा, असंही म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. ढोबळमानानं सांगायचं तर प्रॅक्टिकलचे विषय शिकवणारे खूश आहेत, थिअरीवाले कातावलेत आणि तासिका तत्त्वावरचे दमलेत. मी स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वर्गात खेळ घेते, आवडीनं घेते. पण माझी एक अट असते, ती पुढे येईलच. पत्रं कापून-छाटून, नावं गाळून दिली आहेत.

मी मराठीचा प्राध्यापक आहे, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. रिफ्रेशर कोर्समध्ये आम्हाला सांगण्यात आलं की विद्यार्थ्यांना बॅज द्या, लेव्हल द्या, ती 'मोटिव्हेट' होतात. एम.ए.च्या मुलांना चांदण्या चिकटवायच्या का? विद्यापीठाची बालवाडी करून टाकली आहे सगळ्यांनी.
— अहिल्यानगर

सर, बालवाडी तुम्ही रागानं म्हणालात, पण या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग बालवाडीतच झालेला आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत स्केचपेनांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी तीच पेनं वर्गात नुसती ठेवून दिली आणि कोण त्यांच्याकडे वळतं ते पाहिलं. प्रशस्तिपत्रकाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता इतरांच्या साधारण निम्माच वेळ पेनांशी खेळली. जे आपण हौसेनं करत होतो ते बक्षिसासाठी करत होतो, असं त्यांच्या मनानं घेतलं असावं.

मोठ्यांचं काय? २०१५ साली अमेरिकेतले हानस आणि फॉक्स यांनी एकाच कोर्सचे दोन वर्ग सोळा आठवडे पाहिले. एकात बॅज आणि लीडरबोर्ड, दुसऱ्यात नाही. बॅजवाल्या वर्गाचा उत्साह सत्र सरत गेलं तसा दुसऱ्यापेक्षा कमी होत गेला, आणि शेवटच्या परीक्षेतही त्यांचं फार बरं झालं नाही. स्पेनमधल्या अल्काला विद्यापीठात २०१३ साली आणखी गमतीचं चित्र दिसलं होतं : खेळवून शिकवलेली मुलं प्रॅक्टिकल कामात पुढे, पण लेखी परीक्षेत मागे आणि वर्गातल्या सहभागातही मागे. दुसऱ्या बाजूला, २०२० साली जर्मनीतल्या सायलर आणि होम्नर यांनी बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, तर फायदा दिसला, पण बेताचा. म्हणजे रिफ्रेशर कोर्समध्ये ज्या आवाजात सांगतात तेवढा तर नक्कीच नाही.

इथवर मी तुमच्या बाजूला आहे. आता एक विचारते. तुमच्या कॉलेजच्या फाटकाशी निकालानंतर जो फ्लेक्स लागतो, त्यावर पहिल्या तिघांचे फोटो कोण लावतं? सीजीपीए काय आहे? मेरिट लिस्ट काय आहे? सुवर्णपदक तर शब्दशः बॅजच झाला. पॉइंट आणि लीडरबोर्ड आपण कधीचे चालवतोय, तेही असे की एकदा खाली गेलेला वर यायचा नाही. चांदण्यांची चीड येते आणि फ्लेक्सची येत नाही, हे मला जरा अवघड वाटतं.

आणि चांदण्या नकोत म्हणून खेळही नको, असं कुठे आहे? तुम्ही पाठचिकित्सा, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतून मूळ शब्द कोणते ते ठरवणं, शिकवत असाल. वर्गाचे चार गट करा. एकाच ओवीचे चार पाठ द्या, त्यातले तीन छापील प्रतींतून घेतलेले आणि एक तुम्हीच रात्री बसून बेमालूम रचलेला. खोटा कोणता ते शोधा आणि कशावरून ते सांगा. जुनं रूप कुठे अचानक नवं झालंय, यमक कुठे जास्तच गुळगुळीत झालंय, यावर एम.ए.ची मुलं हमरीतुमरीवर येतील. तुमची रचना कुणाच्या लक्षात आली नाही तर तुम्ही जिंकलात. एकही चांदणी लागणार नाही.

मी नांदेड जिल्ह्यात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, कॉमर्सला अर्थशास्त्र शिकवतो. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीचं, पत्र आलंय : प्रत्येक शिक्षकानं या सत्रात एक 'गेमिफाइड' तास घ्यावा, जिओ-टॅग फोटो आणि अहवाल जोडावा. हजेरीपटावर शंभरावर मुलं आहेत, वर्गात पन्नासेक येतात, निम्म्यांचं नेट संपलेलं असतं. मला पैसे फक्त घेतलेल्या तासाचे मिळतात, तयारीचे नाही. खरंच करू की नुसता फोटो काढू?
— नाव, गाव नको

फोटो काढावाच लागेल, त्यातून तुमची-माझी सुटका नाही. पण आधी हे ऐका. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या दुसऱ्या निकषात विद्यार्थिकेंद्री पद्धतींबद्दल जे वाक्य आहे, त्यात अनुभवातून शिकणं, सहभागातून शिकणं आणि समस्या सोडवणं असं म्हटलंय. गेमिफिकेशन हा शब्दच त्यात नाही. तेव्हा ॲपच पाहिजे, स्मार्ट बोर्डच पाहिजे, असं कुणी म्हणालं तर ते त्यांच्या मनाचं आहे.

तयारीच्या पैशांबद्दल तुमची तक्रार रास्त आहे आणि माझ्याकडे तिच्यावर तोडगा नाही. 'नवनवीन पद्धती वापरा' असं म्हणणारं प्रत्येक परिपत्रक हे मुळात कुणाच्या तरी फुकटच्या संध्याकाळी मागत असतं, आणि त्या संध्याकाळी नेहमी ज्याचा पगार सर्वांत कमी त्याच्याच जातात. म्हणून तुम्हाला असा खेळ सांगते की ज्याची तयारी एकदा केली की वर्षानुवर्षं पुरते आणि जो तासाला लांबवत नाही, तासाची जागाच घेतो. दोन क्रेडिटच्या पेपरला तीस तास मिळतात. त्यातला एक मौजमजेत घालवला तर चौथं युनिट लटकतं, ही सगळ्या थिअरीवाल्यांची भीती खरी आहे. म्हणून खेळ तिथेच घ्यायचा, जिथे एरवीही एक-दोन तास जाणारच आहेत. मागणी, पुरवठा आणि समतोल किंमत हा त्यातला हुकमी भाग.

कार्डशीटच्या चिठ्ठ्या कापा. अर्ध्या विक्रेत्यांच्या, अर्ध्या खरेदीदारांच्या. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर क्विंटलमागचा खर्च लिहा : ८००, १०००, १२००, १४००, १६००, १८००. खरेदीदाराच्या चिठ्ठीवर तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते लिहा : २०००, १८००, १६००, १४००, १२००, १०००. प्रत्येक आकड्याच्या चार चार चिठ्ठ्या केल्या की अठ्ठेचाळीस मुलं बसतात. तुमचे पन्नास आले तर उरलेल्या दोघांना फळ्यावर भाव लिहायला उभं करा. नियम तीन. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. विक्रेत्यानं खर्चाच्या खाली विकायचं नाही, खरेदीदारानं आपल्या आकड्याच्या वर घ्यायचं नाही. सौदा झाला की दोघांनी पुढे येऊन भाव सांगायचा आणि तो लगेच फळ्यावर जायचा. पाच मिनिटांची फेरी, मग चिठ्ठ्या त्याच ठेवून पुन्हा.

पहिल्या फेरीत एकच गोंधळ उडतो. कुणी हजाराला विकून मोकळा होतो, कुणी अठराशे मोजून येतो आणि फळ्याकडे बघून कपाळावर हात मारतो. दुसऱ्या फेरीत तीच मुलं सावध असतात. तिसरीपर्यंत फळ्यावरचे आकडे चौदाशेच्या आसपास गोळा व्हायला लागतात. मग तुम्ही आलेख काढा. मागणीची आणि पुरवठ्याची रेषा चौदाशेला छेदतात. पुस्तकातला छेदबिंदू मुलांनी आत्ताच ओरडून ओरडून शोधलेला असतो.

हे माझं डोकं नाही. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन वर्गात असा बाजार भरवायचे, १९४८ साली त्यांनी त्यावर लिहिलं. त्यांच्या वर्गात मुलं कोपऱ्या-कोपऱ्यात गुपचूप सौदे करायची आणि भाव समतोलाला यायचा नाही. त्या बाजारात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक व्हर्नन स्मिथ. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर त्यांनी दोन बदल केले : बोली सगळ्यांच्या कानावर पडेल अशी, आणि फेऱ्या एकापेक्षा जास्त. भाव समतोलाकडे जायला लागला. १९६२ साली त्यांनी ते छापलं आणि २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या दोघांत ते होते. म्हणून सांगते, भाव फळ्यावर लिहायचं टाळू नका. सगळी गंमत त्या फळ्यात आहे.

माझ्या वर्गात निम्मी मुलं कांदा पिकवणाऱ्या घरांतली. हा खेळ झाल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, इथं आम्ही भाव सांगतो. लासलगावला व्यापारी बोलतो अन् आम्ही ट्रॅक्टरवर बसून ऐकतो." वर्ग हसला, पण मुद्दा लाखाचा होता. पुढच्या फेरीत मी नियम वाढवला : विक्रेता जेवढी मिनिटं माल न विकता उभा राहील, तेवढे मिनिटाला पन्नास रुपये त्याच्या नफ्यातून वजा. ट्रॅक्टरचं भाडं म्हणा, कांद्याची घट म्हणा. विक्रेत्यांची अशी धांदल उडाली की पहिल्या दोन मिनिटांतच पडेल त्या भावाला माल गेला. सौदेबाजीत कुणाला थांबणं परवडतं आणि कुणाला नाही, यावर मी आजवर दिलेलं एकही व्याख्यान इतकं मुलांच्या डोक्यात शिरलेलं नाही.

काटेकोर बोलायचं तर हे गेमिफिकेशन नव्हेच. पॉइंट नाहीत, बॅज नाहीत, हा सरळ सरळ खेळच आहे. अहवाल वाचणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही, तुम्हीही पडू देऊ नका. अहवालात घटक, उद्देश, फेरीनिहाय भाव आणि मुलांच्या दोन प्रतिक्रिया लिहा. फोटो तिसऱ्या फेरीत काढा, तेव्हा सगळे उभे असतात आणि फळा भरलेला असतो.

मी पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. तासाच्या शेवटी कहूट या ॲपवर क्विझ घेते. सुरुवातीला धमाल होती. आता पहिल्या पाचात तीच चार नावं येतात आणि मागची मुलं प्रश्न न वाचताच काहीही दाबतात. काय बदलू?
— सहायक प्राध्यापक, थर्मोडायनॅमिक्स

सगळ्यात आधी घड्याळ. कहूट नॉर्वेतलं. ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात एका प्राध्यापकानं वर्गातल्या क्विझवर जे काम सुरू केलं होतं त्यातून ते निघालं आणि २०१३ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याची गुण द्यायची रीत तुम्हाला ठाऊक असेलच : हजार गुणांच्या प्रश्नाला झटक्यात बरोबर उत्तर दिलं तर जवळपास हजार, आणि शेवटच्या सेकंदाला दिलं तर पाचशे. म्हणजे अर्धे गुण उत्तराचे आणि अर्धे घाईचे. राजधान्या ओळखायच्या असतील तर ठीक आहे. एंट्रॉपीच्या प्रश्नावर जी मुलगी वीस सेकंद विचार करते ती तुमची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी असू शकते, आणि यंत्र तिला रोज सांगतंय की तू मागे आहेस. वेळेचे गुण बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरा.

दुसरं, नावांऐवजी गट. चार-चारांचा गट, एक फोन. गट तुम्ही पाडा, नाहीतर ती चार नावं एकाच बाकावर सापडतील.

तिसरा उपाय खरा गुणाचा, आणि तो ॲपचा नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात तो रूढ केला. संकल्पनेवरचा एक अडचणीचा प्रश्न टाका. प्रत्येकानं गप्प बसून उत्तर द्यायचं. बरोबर कोणतं ते सांगू नका. "आता ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा." तीन मिनिटं वर्ग भांडतो. मग पुन्हा मतदान. दुसऱ्या वेळचे आकडे पहिल्या वेळेशेजारी फळ्यावर लिहा. मुलं ज्याची वाट बघतात तो लीडरबोर्ड नव्हे, ती आकड्यांची उलथापालथ. ज्या मुलानं आपलं उत्तर बदललं त्याला का बदललं ते विचारा, पण दटावल्यासारखं नको.

आणि ज्यांच्या वर्गात फोन नाहीत त्यांच्यासाठी : प्लिकर्स नावाची छापील कार्डं मिळतात, स्वतःही छापता येतात. प्रत्येक कार्डावर वेगळी चौकोनी नक्षी. मुलानं कार्डाची जी बाजू वर धरली ते त्याचं उत्तर, अ, ब, क किंवा ड. तुमचा एकच फोन वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं टिपली जातात. शेजाऱ्याला नक्षीवरून काही कळत नाही, त्यामुळे कॉपी नाही. एकदा लॅमिनेट करून घ्या, नाहीतर दुसऱ्या महिन्यात त्यांचे पंखे होतात.

मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. आमच्या एका सरांनी इंटर्नलचे मार्क ॲपवरच्या रँकनुसार द्यायचं ठरवलंय. क्विझ सकाळी पहिल्या तासाला सुरू होताच होते. आमच्या गावाची एसटी पोचेपर्यंत ती संपलेली असते. मला विषय येतो, तरी मी शेवटच्या दहात आहे.
— सातारा जिल्हा

तुझं पत्र वाचून मला राग आला, आणि तो तुझा नाही. खेळातले गुण गुणपत्रिकेत जायला लागले की तो खेळ राहत नाही, ती रोज सकाळी होणारी परीक्षा होते, आणि तुझ्या बाबतीत तर ती एसटीच्या वेळापत्रकाची परीक्षा आहे. मी वर जी अट म्हणाले ती हीच : खेळात मार्क नाहीत. हरायला काही लागत नाही, चुकलं तरी पुन्हा खेळता येतं, म्हणून तर माणूस खेळात डोकं चालवतो. आपल्या परीक्षांत नेमकं हेच नसतं. वर्गातला खेळ ही एकच जागा अशी, की जिथे मूल फुकटात चुकू शकतं. ती जागा सरांनी मार्क लावून बुजवली.

आता काय करायचं ते. एकटी जाऊ नकोस, त्या एसटीनं येणाऱ्या सगळ्यांना घे. आधी सरांनाच सांगा, त्यांना बसची वेळ माहीतही नसेल. क्विझ तासाच्या शेवटी घ्या किंवा मूल्यमापनाला दुसरा पर्याय द्या, एवढंच मागा. ऐकलं नाही तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज, पोच घेऊन. अर्जात सरांबद्दल एक वाक्यही नको. फक्त बसची वेळ, क्विझची वेळ, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे निकष लेखी मिळावेत ही विनंती. तिथंही अडलं तर प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी असा यूजीसीचा नियम आहे. बहुतेकदा तिचं नाव काढलं तरी काम होतं.

पाश्चात्त्यांचं हे गेमिफिकेशन आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच होतं. ज्ञानेश्वरांचा मोक्षपट म्हणजे दुसरं काय? आपण आपलं विसरतो आणि त्यांचं उसनं आणतो.
— निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

सापशिडीचं मूळ भारतातलं, यात वाद नाही. आपल्या परंपरेत मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, तेही खरं. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप, खेळता खेळता नीती, अशी ती कल्पना. पण शिकवणारी म्हणून मला एक अडचण दिसते. त्यात सगळं फाशावर आहे. दान पडेल तिथं जायचं, खेळणाऱ्याला ठरवायला काहीच नाही. दैवाचा विचार शिकवायला तेच योग्य असेल. करारकायदा किंवा सांख्यिकी शिकवायची तर पट तोच ठेवा, फासा काढा. घरावर प्रश्न लिहा आणि शिडीकडे नेणारा रस्ता मुलांना निवडू द्या. अभिमान दोन्हीकडून शाबूत राहील.

मी मिरज भागात नर्सिंग कॉलेजला ट्यूटर आहे. मुलींसाठी 'एस्केप रूम' केली : कुलूप लावलेल्या पेट्या, प्रत्येक पेटीत पुढचं कोडं, कोडी सगळी औषधाच्या मात्रांची आणि सलाइनच्या वेगाची. मुली रंगून गेल्या. पण आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, पेशंटचा जीव म्हणजे खेळ आहे का? मला उत्तर सुचलं नाही.

त्यांना म्हणावं, जीव खेळ नाही म्हणूनच इथे खेळतो.

तुम्ही सोबत कोडी पाठवलीत ती मी दोनदा वाचली. १००० मिली सलाइन आठ तासांत द्यायचंय, तासाला किती? १२५. तीन आकडी कुलुपाला तीन आकडी उत्तर, पेटी उघडते. इथवर कुणीही करेल. दुसऱ्या पेटीचा डाव मला फार आवडला : ट्रेमध्ये दोन आयव्ही सेट ठेवलेले, एकाच्या पाकिटावर मिलीला २० थेंब, दुसऱ्याच्या पाकिटावर ६०. डॉक्टरांच्या चिठ्ठीत कोणता वापरायचा ते लिहिलेलं. चिठ्ठी नीट वाचून वीसचा उचलला तर मिनिटाला ४२ थेंब आणि कुलूप उघडतं. घाईत साठचा उचलला तर उत्तर परत १२५ येतं. मुलींना वाटतं, हा तर मघाचाच आकडा, बरोबर असणार, आणि कुलूप हलत नाही. पाकीट वाचायचं का असतं, हे त्या न हलणाऱ्या कुलपानं त्यांना शिकवलं. वॉर्डात तीच चूक झाली तर कुलूप अडवायला नसतं.

म्हणून मी प्रॅक्टिकलवाल्यांच्या खुशीशी सहमत आहे. जिथे पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो, जिथे चुकीचं उत्तर लगेच कळतं आणि जिथे खरी चूक महागात पडते, तिथे खेळ अतिशय उपयोगी. शेवटच्या मुद्द्यासाठी तर विमानाचे पायलटसुद्धा सिम्युलेटरवर बसतात.

एक सुचवू का? तुमच्या वेळापत्रकात खेळ पन्नास मिनिटं आणि चर्चा दहा मिनिटं आहे. ते फिरवा. खेळ अर्ध्या तासात संपवा, राहिलेला अर्धा तास कोण कुठे अडलं यावर द्या. कुणाचा गट आधी बाहेर पडला हे त्या चर्चेत काढूच नका. दुसऱ्या पेटीपाशी कोणता गट काय बोलत होता ते तुम्ही मागे उभ्या राहून टिपून ठेवा आणि तिथून सुरुवात करा. वरिष्ठ मॅडमना त्या चर्चेला बोलवा, खेळाला नको. त्यांच्याकडे वॉर्डातले असे अनुभव असतील की मुलींचं लक्ष पेट्यांवरून उडेल.

माझी मुलगी मोबाइलवर जर्मन शिकते. रोजची 'स्ट्रीक', म्हणजे सलग किती दिवस धडा केला तो आकडा, तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला उठून एक धडा करते. हीच युक्ती हजेरीसाठी वापरावी असं मनात आहे. सलग हजर राहिलेल्यांना पदक.
— प्राध्यापक, मुंबई

ती पावणेबाराला जर्मनसाठी उठते की आकड्यासाठी, हे तिला एकदा विचारा. स्ट्रीक चालते ती गमावण्याच्या धास्तीवर. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर, आणि पुष्कळजण त्या दिवशी कायमचा नाद सोडतात. हे ओळखून ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपनं स्वतःच 'स्ट्रीक फ्रीझ' ठेवलाय, म्हणजे एखादा दिवस बुडाला तरी साखळी तुटत नाही. तुम्हाला नक्कल करायचीच असेल तर तेवढीही करा : मुलांना माफीचे दिवस द्या, कारण न विचारता. तुमच्याकडे लोकल बंद पडतात, आमच्याकडे कांदे काढणीला येतात. तरीही मला हजेरीचं पदक पटत नाही. वर्गात येऊन बसल्याबद्दल पदक द्यायचं म्हणजे वर्गात बसणं सोसावं लागतं हे आपणच कबूल केलं.

आमचे प्राचार्य या विषयात उत्साही आहेत. म्हणाले, एखादं ॲप सांगा, वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ. कोणतं घेऊ?
— महिला महाविद्यालय, विदर्भ

आधी एक सत्र फुकटचं वापरा. कहूट, मेंटीमीटर, क्विझिझ, सगळ्यांच्या फुकटच्या आवृत्त्या आहेत. मेंटीमीटर स्वीडनचं. क्विझिझ २०१५ साली बंगळुरूत सुरू झालं, हल्ली त्याचं नाव वेग्राउंड केलंय. मराठीत प्रश्न टाकता येतात, मात्र जोडाक्षरं मोठ्या पडद्यावर नीट दिसतात ना ते आदल्या दिवशी बघा. बऱ्याच जणांचं सबस्क्रिप्शन एप्रिलमध्ये संपतं आणि तोवर दोनच शिक्षकांनी ते उघडलेलं असतं.

प्राचार्य खरोखर खर्चाला तयार असतील तर दुसरंच मागा. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत बाकं जमिनीला ठोकलेली किंवा एकमेकांना जोडलेली असतात. चार जणींचा गट करायचा तर दोघींना मान वळवून तासभर बसावं लागतं, आणि निम्मे खेळ तिथेच मरतात. एका खोलीतली बाकं सुटी करून मागा, भिंतींवर दोन जास्तीचे फळे मागा, आणि ती खोली सगळ्या विभागांना आळीपाळीनं मिळेल असं वेळापत्रक लावून घ्या. खरेदी समिती तीन कोटेशनं मागेल. सुताराला आत्ताच गाठा, उन्हाळ्याच्या सुटीत काम होऊन जाईल.